रंग सगळ्यात शेवटी

ग्राइंडिंग व्हील, म्हणजे धातू घासण्याचं चाक, हातात आलं की ते आधी वाजवून बघायचं. मधल्या भोकात बोट घालून ते अधांतरी धरायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कडेपासून दोन बोटं आत हलकेच टिचकी मारायची. चाक धड असलं तर नाद खणखणीत उमटतो आणि क्षणभर रेंगाळतो. कुठे केसाएवढा तडा गेलेला असला तर बद्द आवाज येतो, आणि ते चाक तिथेच बाद. बाजारात मडकं घेताना आपण हेच करतो, आणि दोन्हीकडे कारणही एकच आहे. ही चाकं बहुधा भाजलेली असतात. अपघर्षक (म्हणजे घासणारे) दाणे, चिकणमाती आणि फेल्डस्पार हे खनिज एकत्र दाबून भट्टीत बाराशे अंशांच्या वर भाजले की माती काचेसारखी होऊन दाण्यांना धरून ठेवते. मिनिटाला २,८०० फेरे घेणाऱ्या २०० मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला २९ मीटर होतो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. तडा गेलेली भाजकी माती त्या वेगाने फुटली तर समोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, हे ज्याने एकदा मनाशी नीट आणलं तो चाक वाजवायला कधी विसरत नाही.

जुनी ग्राइंडिंग मशीनं मिळवायची, खोलायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा कामाला लावायची, हा माझा छंद आहे. जुनी लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, कुणी चालू केली तर बघणाऱ्याला कौतुक वाटतं. लेथवर दिसण्यासारखं पुष्कळ असतं: गोल फिरणारा जॉब (ज्याच्यावर काम चालू आहे तो तुकडा), निळसर होत निघणारी धातूची लांब चिप, डोळ्यांदेखत बदलणारा आकार. ग्राइंडरवर ठिणग्या उडतात, गार ठेवणारं कूलंट वाहतं आणि जॉब होता तसाच दिसतो. त्याच्यात काय घडलं ते मायक्रोमीटर लावल्याशिवाय कळत नाही. एका फेऱ्यात पाच-दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धातू जातो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर एवढं काम डोळ्यांना न दिसणं साहजिक आहे. पण कारखान्यातला शेवटचा शब्द याच मशीनचा असतो. लेथवर, मिलिंगवर आकार दिला, मग पोलाद कडक करायला भट्टीत घातलं की ते थोडंफार वाकतं, फुगतं, आणि कडक झाल्यावर साध्या टूलला दाद देत नाही. तिथून पुढे ग्राइंडर. बेअरिंगच्या रेस, गेज, डाय, पंच, कॅमशाफ्ट, सगळ्यांना शेवटचा हात इथेच लागतो. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे ‘बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग’ अशी पाटी हमखास असते. ट्रॅक्टरचा झिजलेला क्रँक पाव मिलिमीटरने उतरवून त्याला त्या मापाचं बेअरिंग घालायचं, म्हणजे इंजिनाला आणखी काही हंगाम मिळतात. त्या पाट्यांमागे आतल्या अंधारात उभं असलेलं लांबलचक हिरवं मशीन मी प्रवासात थांबून बघून येतो. बहुतेक मालक आनंदाने दाखवतात.

घासून धार लावण्याची विद्या आपल्याकडे यंत्रांच्या फार आधीची. कुरुंद या कठीण खनिजाची पूड लाखेत मळून त्याची चाकं करायची आणि त्यावर रत्नांना पैलू पाडायचे, शस्त्रांना धार लावायची, ही रीत जुनी आहे. तलवारी आणि कट्यारी परजणारे शिकलगार आजही महाराष्ट्रात आडनावात आणि वस्त्यांच्या नावात आहेत. लाखेच्या बंधाची चाकं अजून बनतात आणि कागद गिरण्यांचे, पोलाद गिरण्यांचे रोल आरशासारखे करायला वापरली जातात. मोठा बदल झाला तो दाण्यात. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावरच्या आणि तुर्कस्तानातल्या एमरीवर, म्हणजे कुरुंद असलेल्या खडकावर, जग अवलंबून होतं. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने माती आणि कोळशाची पूड विजेच्या प्रवाहाने तापवून सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक मिळवले. पाठोपाठ बॉक्साइट वितळवून केलेलं कृत्रिम अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आलं. खाणीतला दाणा जसा निघेल तसा असतो, भट्टीतला दाणा दर वेळी सारखा. चाक भरवशाचं झालं तेव्हा कुठे त्याच्याभोवती जड, अचूक मशीन बांधण्यात अर्थ आला. १९०० च्या सुमारास चार्ल्स नॉर्टनने रुंद चाकाची, दणकट दंडगोल ग्राइंडिंग मशीनं आणली आणि मोटारगाड्यांचे क्रँकशाफ्ट झटपट होऊ लागले.

या गोष्टीत एक पान आपल्या उरणचंही आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं याचं मला वाईट वाटतं. १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, दोन पारशी उद्योजकांनी मोरा गावात ग्राइंडिंग व्हील बनवण्याचा छोटासा कारखाना काढला. भाऊच्या धक्क्यावरून लाँच जिथे लागते तेच हे मोरा. तो छोटा कारखाना पुढे ग्राइंडवेल नॉर्टन झाला. माझ्या कपाटातल्या जुन्या चाकांच्या कागदी लेबलांवर ते नाव आहे, आणि मोरा बंदरावर उतरताना दर वेळी ती लेबलं मला आठवतात.

मशीनंही त्याच काळात इथे बनू लागली. सिकंदराबादची प्रागा टूल्स १९४३ ची, बंगळुरूची एचएमटी १९५३ ची. महाराष्ट्रात १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरी, सातपूर, अंबड, मिरज, गोकुळ शिरगाव इथल्या शेडमध्ये ही मशीनं, आणि त्यांच्यासोबत लेस्टरच्या जोन्स अँड शिपमनसारखी विलायती मशीनं, येऊन बसली. प्रत्येक टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात त्या खोलीत, एक सरफेस ग्राइंडर असायचाच, सपाट पृष्ठभाग घासणारा, अठरा बाय सहा इंचाच्या चकचा (जॉब धरून ठेवणाऱ्या पाटाचा), हाताने चालवायचा. डाव्या हाताने टेबल डावी-उजवीकडे, उजव्या हाताने आडवा फीड. वर्षानुवर्षं ते चालवणाऱ्या माणसाचा ताल त्या हातचाकांच्या मुठींवर उमटलेला दिसतो. मुठीवरचं क्रोम एकाच बाजूने गेलेलं असतं.

आता तिथे संगणकावर चालणारी सीएनसी आहेत, विजेच्या तारेने कापणारी वायरकट आहेत, आणि ही हातमशीनं किलोवर जातात. माझा सरफेस ग्राइंडर भोसरीतल्या एका बंद होणाऱ्या टूलरूममधून आला. प्रागाचा आहे. मालकांनी मला चहा पाजला, मशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “घेऊन जा, पण चालवा. शोसाठी ठेवू नका.” अशी माणसं भेटली नाहीत तर भंगारवाल्याकडे शोधायचं. चिखलीजवळच्या कुदळवाडीत हा शोध पूर्वी हमखास फळायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं मोठ्या प्रमाणात पाडली, तेव्हापासून ते दुकानदार विखुरले आणि जुना माल कुणाकडे गेला याचा माग काढणं अवघड झालं आहे.

मशीन घरी आलं की पहिली ऊर्मी रंगाची होते. जीर्णोद्धाराचे व्हिडिओ आपण बघतो त्यात मशीनवर सँडब्लास्टिंग होतं, बॉडी फिलर भरला जातो, झगमगीत रंग बसतो, पितळेची पाटी चमकते आणि संगीत वाजतं. मला ते बघायला आवडतं, पण त्याला जीर्णोद्धार म्हणायला माझं मन घेत नाही. सरफेस ग्राइंडरचं काम जॉब सपाट करणं हे आहे. ते त्याला जमतं की नाही याचं उत्तर रंगात नाही. माझ्या शेडमध्ये रंग सगळ्यात शेवटी येतो, आणि जुना रंग जिथे घट्ट आहे तिथे येतच नाही. याला व्यवहाराचंही कारण आहे. रंग आधी मारला तर पुढे रॉकेल, तपासणीचा निळा रंग (ब्ल्यू) आणि स्क्रॅपिंगचा, म्हणजे पृष्ठभाग हाताने खरवडण्याचा, चुरा त्याची वाट लावतात. आणि कित्येक दशकांपूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ करणं अंगाशी येतं. तो ओला करून किंवा स्ट्रिपर हे रंग सोडवणारं रसायन लावून काढावा.

काम कुठून सुरू करायचं हे मशीनच सांगतं. सरफेस ग्राइंडरचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्यावर जॉब चिकटून बसतो तो मॅग्नेटिक चक त्याच मशीनवर, त्याच चाकाने घासून सपाट करायचा असतो. बाहेरून कितीही अचूक करून आणला तरी भागत नाही, कारण चकचा पृष्ठभाग टेबलाच्या चालीशी समांतर हवा आणि प्रत्येक मशीनच्या टेबलाची चाल तिची स्वतःची असते. म्हणजे हे यंत्र आपला पाया स्वतः घासून सरळ करून घेतं. पण अट अशी की टेबल ज्या गाइडवेवरून धावतं ते सरळ हवेत. ते झिजून वाकडे झाले असतील तर चकही इमानाने तेवढाच वाकडा घासला जातो, आणि तो वाक पुढे प्रत्येक जॉबमध्ये उतरतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी बेडचे (खालच्या बैठकीचे) गाइडवे, मग सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग), मग टेबल, मग कॉलमचा (उभ्या खांबाचा) काटकोन, मग स्पिंडल (चाक फिरवणारा दांडा), आणि अगदी शेवटी चक. चकपासून सुरुवात केली तर वरवर काम झालेलं दिसतं आणि आत खोट तशीच राहते.

ग्राइंडर इतर मशीनांपेक्षा जास्त झिजतो आणि त्याचं कारण तो स्वतःच आहे. चाकातून सुटलेला दाणा हवेत उडतो, कूलंटबरोबर वाहतो, धूळ अडवणारा वायपर फाटला असेल तर टेबलाखाली शिरतो. ओतीव लोखंड मऊ. दाणे त्यात रुतून बसतात आणि समोरच्या पृष्ठभागाला दर फेऱ्याला खात राहतात. शिवाय टूलरूमचे जॉब बहुतेक लहान. ते चकच्या मधोमध ठेवून छोट्या स्ट्रोकने घासले जातात, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी होत नाही. मधला भाग राबतो, टोकं जवळपास कोरी राहतात.

आणि त्या कोऱ्या टोकांवरच या छंदातलं सगळ्यात मोठं सुख मला मिळालं आहे. टेबल उचलून बाजूला ठेवलं, तेलाचा काळा राप रॉकेलने धुऊन काढला, की गाइडवेच्या टोकांशी लहान लहान चंद्रकोरी दिसतात. हे मूळ स्क्रॅपिंग. मशीन बनलं तेव्हा एका फिटरने हातातल्या स्क्रॅपरने एकेक खूण उठवत हा पृष्ठभाग जुळवला होता. मधल्या भागातून ती नक्षी पूर्ण पुसली गेलेली असते, टोकांना जशीच्या तशी असते. त्या खुणा नुसत्या आठवण म्हणून जपायच्या नसतात. दुरुस्तीचा संदर्भ तिथूनच घ्यायचा असतो. जिथे झीज नाही तिथे मूळ उंची अजून शिल्लक आहे, तिच्यावरून सरळपट्टी ठेवून मधे किती खड्डा आहे ते फीलर (पातळ पत्र्यांचं मापक) आणि डायलने मोजता येतं. त्या फिटरचं नाव कुठेही नाही. कारखान्याची पाटी पितळेची, त्याच्यावर मॉडेल नंबर आणि अनुक्रमांक. पण मशीन सरळ करताना आपण त्या माणसाने सोडलेल्या मापावर उभे असतो. घाईत कुणी या टोकांवरून पॉलिश पेपर किंवा अँगल ग्राइंडर फिरवला, तर चकाकी येते आणि परत जाण्याची वाट मात्र कायमची बंद होते. माझ्यापुरता नियम असा की गाइडवेवर पॉलिश पेपर लावायचाच नाही. बर (धातूचा वर आलेला कंगोरा) काढायला बारीक दगड, तोही हलक्या हाताने.

स्क्रॅपिंग मी मूळच्या मिरजेच्या एका निवृत्त फिटरकडून शिकलो. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणतो. पद्धत सांगायला सोपी. सरळ असल्याची खात्री असलेल्या सरफेस प्लेटला (सपाट पाटाला) किंवा स्ट्रेट-एजला (सरळपट्टीला) प्रशियन ब्ल्यूचा अगदी पातळ थर द्यायचा, ती जॉबवर हलकेच घासायची, उचलून बघायचं. जिथे निळं लागलं ते उंचवटे. ते स्क्रॅपरने खरवडायचे, पुसायचं, पुन्हा ब्ल्यू, पुन्हा खरवड. एका झटक्यात दोन-तीन मायक्रॉन जातात. सुरुवातीला दोन-चार मोठे निळे डाग दिसतात, मग त्यांचे बारके ठिपके होत जातात आणि पसरतात. एक इंच चौरसात वीसेक पॉइंट आले, तेही सगळीकडे सारखे, की सरकणाऱ्या पृष्ठभागाला पुरे. ठिपक्यांच्या मधले सूक्ष्म खळगे तेल धरून ठेवतात. दोन अगदी गुळगुळीत पाटे एकमेकांवर ठेवले तर मधलं तेल निघून जातं आणि ते चिकटतात, टेबल अडखळत सरकतं. सरकण्यासाठी खडबड लागते, पण नेमून दिलेली खडबड.

अण्णा पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “घाई करून धातू काढता येतो, परत लावता येत नाही. ब्ल्यू काय सांगतंय ते आधी बघ.” मग ते खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या खांद्याचा कोन चुकला की नुसता हात लावून तो खाली करायचे. स्क्रॅपर मनगटाने ढकलायचा नसतो, त्याचा दांडा कमरेला टेकवून अंगाने ढकलायचा असतो. हे वाचून कळत नाही.

आता सरळ असल्याची खात्री असलेली प्लेट पहिल्यांदा आली कुठून, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. सपाट मोजायला सपाट हवं, मग पहिलं सपाट कसं केलं? जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे याचं उत्तर मांडलं होतं आणि ते इतकं सुंदर आहे की मी ते भेटेल त्याला सांगतो. दोन प्लेट एकमेकींना जुळवत गेलं तर एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या तंतोतंत जुळतील. तीन प्लेट घ्या. पहिली दुसरीला जुळवा, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला, आळीपाळीने. तिघी एकमेकींना जुळायच्या असतील तर कुणालाच फुगीर राहता येत नाही आणि कुणालाच खोलगट. उरते ती सपाटी. बाहेरचं कुठलंही प्रमाण न घेता, तीन ओबडधोबड तुकड्यांतून प्रमाण उभं राहतं. जगातलं सगळं यंत्रकाम या जागेवर येऊन टेकतं.

ऋतूचा प्रश्न आपल्याकडे मोठा. ओतीव लोखंड एका अंशाला दर मीटरमागे साधारण अकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे अठरा इंचाच्या टेबलाला पाच मायक्रॉन. पत्र्याच्या शेडमध्ये पुण्याच्या मे महिन्यात सकाळी आणि दुपारी घेतलेलं माप एकमेकांशी बोलत नाही. त्याहून वाईट म्हणजे वरून पत्रा तापला की टेबलाची वरची बाजू खालच्यापेक्षा गरम होते आणि टेबल कमानीसारखं उचललं जातं. उन्हाळ्यात मी मापाचं काम पहाटे करतो, दुपारी खोलणं-धुणं. स्ट्रेट-एज हाताळताना लाकडी मूठ धरतो, कारण तळहाताच्या उबेनेही ती वाकते आणि ब्ल्यू ते लगेच दाखवतं. पावसाळ्यात दुसरंच दुखणं. उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. काम थांबवताना तेलाचा हात आणि वर मेणकागद, हे न चुकता. गंजलेल्या सुट्या भागांना मी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवतो किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढतो. विजेच्या पद्धतीत दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावायचं, स्टेनलेस नाही, नाहीतर पाण्यात क्रोमियमचं घातक संयुग तयार होतं. कडक केलेले पोलादी भाग मी या दोन्हींपासून लांब ठेवतो, ते नुसते रॉकेल आणि कापडाने.

स्पिंडलबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा सनातनी आहे. चालतोय तर खोलू नये. आतली अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग जोडीने जुळवलेली, वरच्या दर्जाची असतात, आणि बाजारात नकली बेअरिंग अस्सल खोक्यात मिळतात. लिव्हर डायल लावून टेपरचा (स्पिंडलच्या निमुळत्या टोकाचा) रनआउट, म्हणजे फिरताना होणारा हेलकावा, बघावा, हाताने फिरवून खरखर ऐकावी, अर्धा तास चालवून हाऊसिंग किती तापतं ते बघावं. रनआउट दोन-तीन मायक्रॉनच्या आत असेल आणि तापमान एका जागी स्थिरावत असेल तर नमस्कार करून पुढे जावं.

मोटर मात्र घरच्या विजेवर चालवायची म्हणजे व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारं उपकरण) आलाच. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, पण व्होल्टेज २३० चंच राहतं, म्हणून ४१५ व्होल्टची स्टार जोडणीची छोटी मोटर डेल्टा जोडणीत बदलून घ्यावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी बाहेर आल्या असतील तर पट्ट्या फिरवून होतं, तीनच असतील तर मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडे. इथे जीवावरची एक गोष्ट आहे: व्हीएफडीवर कमाल फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झलाच बांधून टाका. नॉब फिरवला की मोटर साठ-सत्तर हर्ट्झवरही आनंदाने पळते, आणि चाक त्याच्या छापील वेगाच्या पलीकडे जातं. चाक चढवताना चाक आणि फ्लँज (त्याला दोन्हीकडून दाबणाऱ्या चकत्या) यांच्या मधे कागदी ब्लॉटर हवेतच, नट आवळायचा तोही बेताने, आणि पहिल्यांदा चालू करताना गार्ड लावून बाजूला उभं राहून मिनिटभर नुसतं फिरू द्यायचं.

धुळीबद्दल मी जरा जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात, पण हा विषय तेवढाच गंभीर आहे. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये एकोणिसाव्या शतकात जेवणाचे काटे घासणारे कारागीर वाळूच्या दगडाच्या चाकांवर कोरडं काम करायचे. दगडातली सिलिका छातीत जाऊन त्यातले कितीतरी जण तिशीच्या आसपास मरायचे, आणि डॉक्टरांनी हे १८३० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं. आपल्या शेजारी गुजरातेत खंभातमध्ये अकीक दगड घासणाऱ्या घरांमध्ये सिलिकोसिसने माणसं गेली आहेत, तीही आपल्या काळात. कृत्रिम दाण्याची चाकं त्या मानाने पुष्कळ सुरक्षित, तरी डायमंडने चाक ड्रेस करताना, म्हणजे त्याची कड नव्याने मोकळी करताना, उडणारी पांढरी धूळ फुप्फुसात जाण्यासाठी नाही. मास्क, कूलंट किंवा धूळ ओढणारा पंखा, यातलं काही नसेल तर मशीन चालू करू नये.

इतकं सगळं जुळलं की एक दिवस चकची पाळी येते. तेव्हा मला परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी झोप लागत नाही. टेबलावरची आणि चकच्या तळाची बर दगडाने काढायची, चक बसवायचा, मॅग्नेट चालू ठेवायचा, कारण कामाच्या वेळी तो चालूच असणार आणि त्या ताणाने त्याचा आकार जो काय होतो त्याच आकारात तो घासला गेला पाहिजे. चाक ४६ नंबरच्या दाण्याचं, मऊ बाजूचं, पांढऱ्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं, नुकतंच मोकळं ड्रेस केलेलं. चकच्या पट्ट्यांमधलं पितळ चाकात भरतं, म्हणून धार मोकळी हवी आणि कूलंट भरपूर. मार्करने चकवर आडव्या-तिडव्या रेघा ओढायच्या. मग चाक पाच मायक्रॉन उतरवायचं आणि टेबल चालवायचं. पहिल्या फेऱ्यात एका कोपऱ्यातल्या रेघा जातात, दुसऱ्यात थोड्या पुढच्या. स्क्रॅपिंगला दिलेले महिने सत्कारणी लागले की नाही हे त्या रेघा पुसल्या जाण्याच्या क्रमावरून कळतं. शेवटची रेघ गेली की चाक आणखी न उतरवता टेबल चालू ठेवायचं, ठिणग्या विरळ होत होत थांबेपर्यंत. त्यानंतर मी चारही कोपऱ्यांना आणि मधे एकेक ब्लॉक ठेवला, पाचही एकाच सेटिंगला घासले आणि मायक्रोमीटरने तपासले. दोन मायक्रॉनच्या आत होते. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “आता उन्हाळ्यात परत बघ.”

रंग त्यानंतर मारला, बेडच्या ज्या बाजूला मूळ रंग सोलला होता तिथेच, मशीन ग्रे, ब्रशने. पाटी फक्त साबणाच्या पाण्याने पुसली.

सध्या शेडमध्ये एक टूल अँड कटर ग्राइंडर आला आहे. एंडमिल, रीमर, हॉब या कापणाऱ्या हत्यारांना धार लावायचं हे मशीन म्हणजे कोनांचा खजिना आहे. कटर धरणारं वर्कहेड तीन दिशांना फिरतं, चाकाचं डोकं गोल फिरतं, आणि कटरचा दात टूथ-रेस्टवर (दाताच्या टेकूवर) टेकवून हेलिक्सबरोबर (दाताच्या पिळाबरोबर) तो फिरवत न्यायचा असतो. पण याच्याबरोबर टूथ-रेस्ट आलेला नाही, सेंटरची जोडी नाही, चाकाचे जादा फ्लँज नाहीत, इंडेक्स प्लेट नाही. मशीन एका भंगारवाल्याकडे गेलं आणि त्याची लाकडी पेटी दुसऱ्याकडे, किंवा नुसती फेकली गेली. हे वारंवार होतं. ज्यांच्या माहितीत एखादी टूलरूम बंद होत असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मशीन उचलायला टेम्पो येण्याआधी त्याच्या जवळचं कपाट उघडून बघा. फ्लँज काढायचा पुलर, बॅलन्सिंग आर्बर, डायमंडचा होल्डर, टेपरचे स्लीव्ह, तेलाने माखलेलं मॅन्युअल, सुतळीने बांधलेल्या चाव्या. कशाचं काय आहे ते कळलं नाही तरी एका गोणीत भरून मशीनलाच बांधून द्या. हे भाग सहसा कुठे विकत मिळत नाहीत, आणि एकेक भाग नव्याने करायला मशीन दुरुस्त करण्याइतकाच वेळ जातो. टूथ-रेस्टचं रेखाटन मी दुसऱ्या एका मशीनवरून काढून आणलं आहे. पातं स्प्रिंग स्टीलचं हवं, जाडी बहुतेक एक मिलिमीटरच्या आसपास लागेल, आणि त्याची धार अर्थातच सरफेस ग्राइंडरवर घासायची आहे.